वाळूचा किनारा आणि मच्छीमारांची गावे होडीतून पाहताना

खडकाळ किनाऱ्याचा नकाशा पन्नास वर्षांनंतरही बहुतांशी खरा राहतो; वाळूच्या किनाऱ्याचा नकाशा एका मोठ्या वादळानंतर आठवडाभरातच जुना झालेला असू शकतो. लाटा किनाऱ्यावर सहसा तिरप्या येतात. त्यांच्याबरोबर वाळूचा कण तिरपा वर ढकलला जातो आणि परतणाऱ्या पाण्याबरोबर सरळ उताराने खाली येतो. अशी नागमोडी वाटचाल करीत वाळू वर्षानुवर्षे किनाऱ्याला समांतर सरकत असते. नदीच्या किंवा खाडीच्या मुखापाशी या सरकण्याला अडथळा आला, की तेथे वाळूचे दांडे तयार होतात, वाढतात, फुटतात आणि पुन्हा दुसऱ्या जागी उभे राहतात. ओडिशातील चिलिका सरोवराचे समुद्राकडचे मुख वाळूने इतके अरुंद झाले होते, की 2000 साली तेथे नवे मुख खणून काढावे लागले. अशा किनाऱ्याने होडीतून फिरू पाहणाऱ्याने म्हणूनच सर्वांत आधी दोन गोष्टींवर विसंबावे: भरती-ओहोटीच्या वेळा आणि त्या पाण्यात रोज जाणाऱ्या मच्छीमारांकडची ताजी माहिती. छापील नकाशा, मोबाइलवरचा नकाशा आणि खोली मोजणारे यंत्र यांचा क्रम त्यानंतर लागतो.

पुढील सूचना पाच ते सात मीटर लांबीच्या, लहान इंजिनाच्या किंवा शिडाच्या उघड्या होडीतून, दिवसाउजेडी आणि किनारा नजरेआड होऊ न देता केलेल्या प्रवासासाठी आहेत. ज्याने समुद्रात होडी कधीच हाकलेली नाही, त्याने पहिल्या काही फेऱ्या जाणत्या तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखाच्या, होडीत बसूनच कराव्यात. त्यात कमीपणा काही नाही, आणि तांडेल पाण्याकडे कधी पाहतो व किनाऱ्याकडे कधी पाहतो, एवढेच लक्षपूर्वक टिपले तरी बरेच काही शिकून होते.

होडी आणि बरोबरचे सामान

उथळ पाण्यात होडीच्या वेगापेक्षा तिचे बूड किती पाण्यात असते हे अधिक महत्त्वाचे ठरते. तीस ते पन्नास सेंटिमीटर पाण्यावर तरंगणारी, सपाट किंवा जवळजवळ सपाट तळाची होडी वाळूवर टेकली तरी सरळ उभी राहते आणि पाणी वाढताच आपोआप उठते. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्याला लागून असलेल्या वाडेन समुद्रात ओहोटीला मैलोन्‌मैल वाळू उघडी पडते. तेथील पारंपरिक शिडाच्या होड्या याच कारणाने सपाट तळाच्या आहेत. वाऱ्याने आडवे सरकू नये म्हणून त्यांच्या दोन्ही अंगांना वरखाली करता येतील अशा फळ्या लावलेल्या असतात. खोल बुडाची होडी मोकळ्या समुद्रात अधिक स्थिर असते हे खरे, परंतु गावोगावी किनाऱ्याला लागायचे असेल तर तो गुण अडचणीचाच होतो.

इंजिन मागे बसवलेले आणि वर उचलता येणारे असावे. उथळ पाण्यात पंखा तळ ढवळतो आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर वाळू पंपात शिरते. त्याने पंपाचे रबरी पाते झिजते, आणि हे सहसा आपण परतीच्या वाटेवर असतानाच लक्षात येते. इंजिनाच्या बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार चालू आहे की नाही, हे अधूनमधून पाहण्याची सवय ठेवावी. वल्ही किंवा लांब बांबू कितीही विश्वासू इंजिन असले तरी बरोबर हवेच. बांबूवर दर पंचवीस सेंटिमीटरला रंगाचा पट्टा ओढला, की तीच खोली मोजायची काठी होते. ही काठी यंत्रापेक्षा एका बाबतीत सरस आहे: यंत्र खोली सांगते, काठी तळाचा पोतही सांगते. कठीण वाळूत ती ठक्‌ करून थांबते, चिखलात हळूहळू रुतते. जुने खलाशी शिशाच्या वजनाच्या बुडाशी चरबी भरून ते दोरीने सोडत, ते याचसाठी. चरबीला चिकटून वर आलेले वाळूचे कण, शिंपल्यांचा चुरा किंवा गाळ पाहून आपण कोठे आहोत याचा अंदाज ते बांधत असत.

उरलेल्या सामानात प्रत्येकासाठी अंगात घातलेले (पेटीत ठेवलेले नव्हे) जीवरक्षक जाकीट, दोन नांगर, भरपूर दोर, पाणी उपसायचे भांडे, धारदार चाकू, होकायंत्र, शिटी, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी आणि गरजेपेक्षा जास्त पिण्याचे पाणी असावे. जलरोधक व्हीएचएफ संच (होड्यांवरचा रेडिओ) असल्यास उत्तम. संकटाची हाक सोळाव्या चॅनेलवर देतात आणि ती आसपासच्या सर्व होड्यांना एकाच वेळी ऐकू जाते, जे मोबाइलने होत नाही. इंधनाचा जुना हिशेब आजही चांगला आहे: एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी.

पाण्याचा हिशेब

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमधील अंतर सुमारे 12 तास 25 मिनिटांचे असते, त्यामुळे आज सकाळी दहाला असलेली भरती उद्या साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, म्हणजे पाणी अधिक वर चढते आणि अधिक खालीही जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि चढउतार कमी होतो. हा नियम सगळीकडे सारखा लागू पडत नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच भागात दिवसातून एकदाच भरती येते, बाल्टिक समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही, तर कॅनडातील फंडीच्या आखातात पाणी सोळा मीटरपर्यंत चढते. म्हणून नव्या किनाऱ्यावर जाण्यापूर्वी तेथील सर्वांत जवळच्या बंदराचे भरतीचे कोष्टक मिळवावे आणि त्यातील वेळ कोणत्या प्रमाणवेळेनुसार दिली आहे हेही पाहावे.

कोष्टकात फक्त भरतीची व ओहोटीची वेळ आणि उंची असते. मधल्या काळात किती पाणी असेल हे आपण काढायचे असते. त्यासाठी बाराव्या हिश्श्यांचा ढोबळ नियम पुरेसा आहे. पाणी चढण्याच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा हिस्सा येतो, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्याला व चौथ्याला प्रत्येकी तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. ओहोटी आणि भरती यांच्या उंचीत 3.6 मीटरचा फरक असेल, तर पहिल्या तासात पाणी जेमतेम 30 सेंटिमीटर वाढेल, परंतु तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून 1.8 मीटर वाढेल. याचा व्यवहारातील अर्थ असा, की मधल्या दोन तासांत प्रवाहही सर्वांत जोरात असतो. पाच नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगाच्या होडीला स्थिर पाण्यात दहा सागरी मैल जायला दोन तास लागतात. दोन नॉटचा प्रवाह समोरून असेल तर तेच अंतर 3 तास 20 मिनिटे घेते आणि मागून असेल तर दीड तासाच्या आत संपते. नुसती निघण्याची वेळ बदलून इंधन वाचते, हे अनेकांना पहिल्यांदा पटत नाही.

नकाशावरील खोलीचे आकडे सहसा अतिशय नीच ओहोटीच्या पातळीपासून मोजलेले असतात. त्या आकड्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवली, की प्रत्यक्ष खोलीचा अंदाज येतो. अंदाजच म्हणायचे, कारण हवेचा दाब एका हेक्टापास्कलने वाढला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने खाली जाते, आणि जमिनीकडून समुद्राकडे सतत वाहणारा जोरदार वारा पाणी आणखी बाहेर ढकलतो. उंच दाबाच्या, निरभ्र दिवशी कोष्टकापेक्षा वीस सेंटिमीटर पाणी कमी भरले तर त्यात नवल नाही, आणि तीस सेंटिमीटर बुडाच्या होडीसाठी तो फरक मोठा आहे.

या साऱ्यातून एकच नियम पाठ करायचा असेल तर तो हा: अनोळखी उथळ पाण्यात पाणी चढत असतानाच शिरावे. टेकलो तरी अर्ध्या तासात पाणी उठवते. ओहोटीत टेकलो तर गणित उलटे होते. भरतीनंतर दोन तासांनी रुतलेली होडी पुढच्या भरतीच्या दोन तास आधी सुटते, म्हणजे सुमारे साडेआठ तास तेथेच बसावे लागते. सर्वांत वाईट वेळ म्हणजे उधाणाच्या भरतीचा अगदी माथा. त्या वेळी वाळूवर चढलेल्या होडीला पुन्हा तितके पाणी मिळण्यासाठी पुढच्या उधाणाची, म्हणजे जवळजवळ पंधरवड्याची वाट पाहावी लागू शकते.

वारा

उन्हाळी, शांत हवेच्या दिवसांत किनाऱ्यावरचा वारा ठरावीक वेळापत्रक पाळतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारकडे जमीन तापली, की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास त्याचा जोर सर्वाधिक असतो. शिडाच्या होड्यांच्या काळात मच्छीमार पहाटेच्या वाऱ्यावर बाहेर जात आणि दुपारच्या वाऱ्यावर परत येत. इंजिनाच्या होडीनेही हाच क्रम धरावा: पहाटे निघावे, किनारा सकाळी पाहावा, आणि वारा चढण्यापूर्वी एखाद्या गावाच्या आडोशाला पोहोचावे. समुद्रावर सर्वत्र पांढरे फेस दिसू लागले, म्हणजे वारा साधारण 11 ते 16 नॉटच्या पट्ट्यात पोहोचला असे समजावे. अनुभवी माणसाला एवढ्या वाऱ्याचे काही वाटत नाही, पण लहान उघड्या होडीतील नवख्याने तेथेच परतीचा विचार करावा.

शांत वाटणाऱ्या मतलई वाऱ्यातही एक फसवणूक आहे. जमिनीकडून वारा असताना किनाऱ्यालगतचे पाणी आरशासारखे दिसते, आणि इंजिन बंद पडले तर तोच वारा होडीला गुपचूप खोल समुद्राकडे घेऊन जातो.

समुद्रातून किनारा वाचणे

बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दीड मीटर उंचीवर असतील, तर त्याचे क्षितिज केवळ साडेचार किलोमीटरवर असते. डोंगराळ किनारा त्याच्या पलीकडूनही दिसतो; वाळूचा सखल किनारा मात्र त्याहून फार लांब गेल्यास पिवळसर रेघ होतो आणि मग नाहीसाच होतो. म्हणून एक ते दोन किलोमीटरचे अंतर राखून, लाटा फुटण्याच्या पट्ट्याच्या बरेच बाहेरून, किनाऱ्याला समांतर चालावे. पुळण मैलभर सारखीच दिसत असल्याने खुणा आधीच निवडून ठेवाव्यात: दीपस्तंभ, पाण्याची टाकी, देवळाचे शिखर, मनोरा, झाडांचा एखादा वेगळा पुंजका. अशा दोन खुणा एकामागे एक आणून धरल्या, की एक पक्की रेषा मिळते. त्या रेषेवर राहिले म्हणजे प्रवाह आपल्याला बाजूला ओढतो आहे का, हे कोणत्याही यंत्राशिवाय कळते. मच्छीमारांकडे अशा जोडखुणांचा मोठा साठा असतो. अमुक शिखर तमुक झाडाच्या डावीकडे आले की वळायचे, या एका वाक्यात कधीकधी पूर्ण खाडीमुखाचा नकाशा सामावलेला असतो.

पाण्याचा रंग पाहण्यासाठी सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असावा. वाळूच्या तळावर स्वच्छ पाणी जितके फिकट आणि पिवळट तितके ते उथळ. गडद हिरवे किंवा निळे होत गेले म्हणजे खोल. गढूळ खाडीच्या मुखाशी हा नियम कामाचा नाही, तेथे लाटा पाहाव्यात. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर फुटते, म्हणजे एक मीटरची लाट जेथे फुटते आहे तेथे पाणी अंदाजे 1.3 मीटर आहे. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात एखादी पांढरी रेघ पुन्हा पुन्हा त्याच जागी उमटत असेल तर खाली दांडा आहे. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मधेच न फुटणारी, काळपट पट्टी दिसली तर ती खोल वाट असू शकते, तशीच किनाऱ्यावर साठलेले पाणी वेगाने बाहेर काढणारी धारही असू शकते. होडीला ती उपयोगी पडते, पोहणाऱ्याचा मात्र जीव घेऊ शकते.

समुद्रातून पाहताना फुटणाऱ्या लाटांची पाठ दिसते, तोंड दिसत नाही. त्यामुळे त्या नेहमीच असतात त्याहून लहान वाटतात, आणि त्यामुळेच किनाऱ्यावर उभे राहून केलेली पाहणी ही समुद्रातून केलेल्या पाहणीपेक्षा अधिक खरी असते. शक्य असेल तेव्हा आदल्या दिवशी जमिनीवरून जाऊन, ऐन ओहोटीच्या वेळी खाडीमुख पाहून यावे. उघड्या पडलेल्या वाळूत वाट कोठून वळते हे तेव्हा स्वच्छ दिसते.

दांडा ओलांडून खाडीत शिरणे

गाव बहुधा खाडीच्या आत, आडोशाला असते आणि मुखाशी दांडा असतो. हाच प्रवासातील सर्वांत धोक्याचा टप्पा. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते, समुद्राची लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर आल्या, की लाटा आखूड, उभ्या आणि फसव्या होतात. बाहेर समुद्र शांत असतानाही दांड्यावर असे होऊ शकते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोलंबिया नदीचे मुख याच कारणाने जहाजांची स्मशानभूमी म्हणून कुप्रसिद्ध आहे.

म्हणून दांडा चढत्या पाण्याच्या शेवटच्या दोन तासांत ओलांडावा. मुखाच्या बाहेर थांबून निदान दहा ते पंधरा मिनिटे लाटा पाहाव्यात. त्या गटागटाने येतात. काही मोठ्या लाटांनंतर थोडा वेळ शांत जातो. या वेळात एखादी स्थानिक होडी आत जाताना दिसली तर तिची वाट लक्षात ठेवावी, पण ती आपल्याहून हलकी आणि वेगवान असू शकते हेही विसरू नये. शिरताना जाकिटे घट्ट बांधलेली, सामान जखडलेले आणि माणसे खाली, मध्यभागी बसलेली असावीत. मोठ्या लाटेच्या पाठीवर, तिच्या माथ्याच्या जरा मागे राहून, तिच्याच वेगाने आत जावे. तिला ओलांडून पुढे गेल्यास होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, खालच्या पाण्यात घुसते आणि होडी आडवी फिरते; आडव्या होडीला मागची लाट उलटवते. मन साशंक असेल तर शिरू नये. बाहेर नांगर टाकून दोन तास थांबणे कंटाळवाणे असते, एवढेच.

मुखाशी बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, असतील तर त्यांचे रंग समजून घ्यावेत. जगाच्या बहुतेक भागांत समुद्रातून आत येताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवतात. उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स येथे हे नेमके उलटे असते. लहान गावांत मात्र बोयांऐवजी वाळूत खोचलेल्या काठ्या किंवा फांद्या असतात. वाडेन समुद्रातील लहान वाटा अजूनही अशा फांद्यांनी दाखवल्या जातात. या काठ्या वाटेच्या कोणत्या बाजूला आहेत, हे गावागावाप्रमाणे बदलते. शिवाय त्याच पाण्यात जाळी बांधण्यासाठीही खुंट ठोकलेले असतात. दोन्हींतला फरक विचारूनच कळतो.

जाळी आणि मासेमारीच्या होड्या

किनाऱ्याजवळच्या पाण्यात जाळे कोठेही असू शकते. तरंगत्या बोयांची किंवा रिकाम्या डब्यांची रांग दिसली, की ती दोन टोकांमध्ये सलग आहे असे धरून तिच्या बाहेरून वळसा घ्यावा. टोकाला बहुधा झेंडा किंवा मोठा बोया असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार (1972 च्या करारानुसार) मासेमारीत गुंतलेल्या जहाजाने दिवसा टोके एकमेकांना भिडलेले दोन शंकू, एकावर एक असे दाखवायचे असतात. रात्री ट्रॉलरवर (पाण्यातून जाळे ओढत नेणाऱ्या जहाजावर) पांढऱ्या दिव्याच्या वर हिरवा, तर इतर पद्धतीने मासे पकडणाऱ्यांवर पांढऱ्याच्या वर लाल दिवा असतो. गावातील लहान होड्यांवर यांपैकी काहीही नसणे हेच अधिक संभवते. त्यावर रुसून उपयोग नाही, म्हणूनच रात्री या पाण्यात फिरू नये. जाळे ओढणारी होडी सहज वळू शकत नाही. इंजिनाच्या होडीनेही आणि शिडाच्या होडीनेही तिला वाट द्यायची, हा नियमही आहे आणि रीतही.

जाळ्याचा दोर पंख्यात अडकलाच, तर इंजिन ताबडतोब बंद करून वर उचलावे आणि आधी दोर उलगडून पाहावा. कापणे हा शेवटचा उपाय. कापावे लागले तर दोन्ही टोके पुन्हा बांधावीत आणि किनाऱ्याला लागल्यावर ज्याचे जाळे असेल त्याला स्वतः जाऊन सांगावे. त्याच्या एका दिवसाच्या कमाईचा तो प्रश्न असतो. जाळ्याच्या बोयाला होडी बांधून विश्रांती घेणे तर कधीच करू नये. बोया होडीचे ओझे धरण्यासाठी नसतो आणि जाळे जागचे हलते.

गावाला लागणे

मच्छीमारांचे गाव ही कामाची जागा आहे, आणि समुद्राकडून येणारा माणूस त्या कामाच्या ऐन मधोमध उतरतो. धक्का नसलेल्या पुष्कळ गावांत होड्या सरळ वाळूवर ओढून घेतात. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज आणि डेन्मार्कमधील थोरुप स्ट्रँड येथे आजही मोठ्या मासेमारी होड्या किनाऱ्यावर चढवल्या जातात. अशा गावात पुळणीचा एखादा मोकळा, सपाट, आकर्षक तुकडा दिसतो आणि नवखा नेमका तेथेच होडी लावतो. तो मोकळा असतो, कारण तीच होड्या उतरवण्याची व चढवण्याची वाट असते. तेव्हा आधी बाहेर थांबावे, किनाऱ्यावरील माणसाला हात करून कोठे लागू असे विचारावे आणि तो दाखवील तेथेच जावे.

कोणत्या वेळी यावे हेही ठरवून यावे. होड्या परतण्याच्या आणि मासळीच्या लिलावाच्या वेळी कोणालाही बोलायला सवड नसते. एक-दोन तासांनंतर माणसे जाळी दुरुस्त करीत बसतात आणि तेव्हाच बोलणे होते. पसरलेल्या जाळ्यावरून चालू नये, ओलांडूनही जाऊ नये. फोटो काढण्यापूर्वी विचारावे. मासे घ्यायचे असतील तर लिलाव झाल्यावर घ्यावेत. ही नुसती सभ्यता वाटेल, परंतु पुढच्या खाडीचे मुख गेल्या पावसाळ्यानंतर कोणत्या बाजूला सरकले, हे सांगणारी माणसे हीच असतात.

विचारण्याचीही पद्धत असते. ‘तिकडे जाता येईल का?’ या प्रश्नाला बहुधा ‘येईल’ असे सौजन्याचे उत्तर मिळते. त्याऐवजी तुम्ही स्वतः ओहोटीला त्या मुखातून जाता का, कोणत्या बाजूने जाता, गेल्या महिन्यात कोणी टेकले का, वारा कोठून आला की जात नाही, असे नेमके विचारावे. आपल्या होडीचे बूड किती पाण्यात असते हे हाताने दाखवावे. दोन निरनिराळ्या माणसांना विचारावे आणि उत्तरे जुळली नाहीत तर तिसऱ्याला. वाळूत बोटाने काढलेल्या नकाशाचा फोटो घेऊन ठेवावा. त्यावर तारीख आपोआप पडते, आणि अशा नकाशाला तारीख नसेल तर तो काही महिन्यांतच कुचकामी होतो.

काही किनाऱ्यांवर होडीने जाण्यासच मर्यादा असतात. मॉरिटानियातील बांक दार्गें (आर्गुइनचा उथळ वाळूपट्टा) हे 1989 पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तेथील उथळ पाण्यात इमरागेन मच्छीमार इंजिनाविना, केवळ शिडाच्या होड्यांनी मासेमारी करतात आणि इंजिनाच्या होड्यांना तेथे मासेमारीची परवानगी नाही. याच आर्गुइनच्या उथळ वाळूवर, किनाऱ्यापासून कित्येक मैल दूर, 1816 च्या जुलैमध्ये मेद्यूझ हे फ्रेंच युद्धजहाज रुतले होते. आपल्या वाटेवर अशी राखीव क्षेत्रे, नौदलाची हद्द, मासेमारीबंदीचा काळ किंवा कासवांच्या अंड्यांच्या जागा आहेत का, याची चौकशी निघण्यापूर्वीच बंदर कार्यालयात करावी. मोकळ्या वाळूवर पक्षीही अंडी घालतात आणि ती वाळूच्याच रंगाची असल्याने पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत हिंडताना खाली पाहून चालावे.

नांगर, आणि रुतल्यावर

वाळूत नांगर चांगला धरतो, पण दोर पुरेसा सोडला तरच. खोली मोजताना सध्याचे पाणी न घेता भरतीचे पाणी घ्यावे आणि त्यात नाळेची पाण्यापासूनची उंची मिळवावी. ओहोटीला दोन मीटर पाणी, तीन मीटरचा चढ आणि एक मीटर उंच नाळ असेल तर ते सहा मीटर झाले. त्याच्या पाच ते सातपट, म्हणजे 30 ते 42 मीटर दोर सोडावा. नांगराजवळ काही मीटर साखळी असल्यास ओढ आडवी राहते आणि दात वाळूत रुतून बसतात. ओहोटीला होडी कोठे टेकेल आणि प्रवाह उलटल्यावर ती कोणाच्या होडीवर जाईल, याचाही विचार दोर सोडतानाच करायचा असतो.

लाटा फुटणाऱ्या मोकळ्या पुळणीवर उतरणे मला तरी फारसे पटत नाही. बाहेर नांगरून लहान तराफ्याने किंवा स्थानिक होडीने उतरावे. उतरायचेच असेल तर लाटांच्या पट्ट्याबाहेर नांगर टाकून, नाळ समुद्राकडे ठेवून, दोर हळूहळू सोडीत मागच्या बाजूने किनाऱ्याकडे यावे. निघताना तोच दोर ओढून बाहेर पडता येते.

होडी रुतली तर पहिले काम म्हणजे पाणी चढते आहे की उतरते आहे हे पाहणे. चढत असेल तर इंजिन उचलावे, खोल पाण्याच्या दिशेने नांगर नेऊन टाकावा, दोर ताणून ठेवावा आणि थांबावे. उतरत असेल तर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच सुटण्याची संधी असते: सर्वांनी खाली उतरून, तळ कठीण आहे याची काठीने खात्री करून, होडी आल्या वाटेने मागे ढकलावी. नाही सुटली तर जोर वाया घालवू नये. तळाखाली दगड किंवा खुंट नाहीत हे पाहावे, नांगर खोल पाण्याकडे टाकावा, सावली करावी, पिण्याचे पाणी मोजून ठेवावे आणि सुटण्याची वेळ काढून किनाऱ्यावर कळवावी.

वाट पाहताना उघड्या वाळूवर फिरण्याचा मोह होतो. इंग्लंडच्या केंट परगण्यासमोरील गुडविन सँड्स हा सुमारे 16 किलोमीटर लांबीचा वाळूचा पट्टा ओहोटीला इतका कठीण होतो, की त्यावर क्रिकेटचे सामने खेळले गेले आहेत. तीच वाळू पाणी परतू लागले की मऊ पडते. शिवाय भरती समोरून येत नाही. ती आधी आपल्या पाठीमागच्या घळी भरते, आणि आपण उभे असलेली जागा कोरडी असतानाच परतीची वाट बंद होते. होडीपासून हाकेच्या अंतरातच राहावे, आणि पाणी उलटण्याच्या अर्धा तास आधी सर्वांनी होडीत असावे.

निघताना किनाऱ्यावरील एका माणसाकडे आपली वाट, होडीचा रंग, माणसांची संख्या आणि परतण्याची वेळ लिहून दिलेली असावी, आणि ती वेळ टळल्यावर किती तासांनी कोणाला कळवायचे हेही त्यात असावे. मुक्कामी पोहोचताच, होडी बांधून सामान उतरवण्याच्या आधी, त्या माणसाला फोन करावा; हा एक फोन राहून गेला तर आपण निवांत झोपलेलो असताना दुसऱ्या गावचे मच्छीमार आपल्याला शोधण्यासाठी अंधारात होड्या बाहेर काढतात.